परिपत्रकाचा मसुदा

‘सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की’
इथवर सोपं असतं.
एकोणीस वर्षं लिहितोय मी इथवर:
लिफ्टची दुरुस्ती, दिवाळीची उचल,
जिन्यात थुंकू नये.
पुढच्या ओळीत एक माणूस आहे
आणि त्याचं नाव लिहायचं नाही.

परवा दुपारी ती आली.
केमिस्टकडून काळ्या पिशवीत आणतात तसा
ओढणीखाली रिपोर्ट.
‘दार लावू का सर?’ म्हणाली, आणि लावलं नाही.
उंबऱ्यातच थांबली, माझ्यापासून आठ फरश्यांवर.
(नंतर मोजल्या.)
दोन महिने खोकला होता. वाटलं, एसीचा असेल.
आम्हा सगळ्यांनाच वाटलं, एसीचा असेल.
‘उरणला ठरलंय माझं, वैशाखात.
नाव नाही ना येणार कुठे?’

नाही, म्हणालो.
त्या दिवसातलं हे एकच वाक्य
फाइल न बघता बोललो.

दुसऱ्या सकाळी पॅन्ट्रीत
एका कपाच्या कानाला लाल नेलपॉलिशचा ठिपका.
सावळाराम, कुणी सांगितलं तुला?
‘कुणी नाही साहेब.
तुम्हीच तर फिनेल मागवलंत
तिची खुर्ची पुसायला.’

मरोळच्या या गाळ्यात तिसऱ्या मजल्यावर
एकतीस माणसं विम्याचे दावे तपासतात,
कुणाचं आजारपण खरं, कुणाचं फुगवलेलं.
त्यातली तीस आज तोंडावर रुमाल धरून बसली होती
आणि तिच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी
पांढरं फडकं टाकलं होतं,
मेलेल्यावर टाकतात तसं.

महापालिकेच्या डॉक्टर पागधरे आल्या.
खुर्ची पाहिली नाही, कप पाहिला नाही.
वर पाहिलं, मग भिंतीकडे.
‘टीबी कपातून होत नाही हो. हवेतून होतो.
ही खिडकी शेवटची कधी उघडली होती?’
कपाटामागे खिडकी आहे
हे आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं.
‘आणि तिच्यामुळे तुम्हाला होईल म्हणताय,
तिला कुणामुळे झाला
हे विचारलंत का कुणी?’

एसीचा आवाज तेवढा राहिला.
मागच्या रांगेत ठाकूरदेसाई खोकले,
आणि उरलेला खोकला
त्यांनी गिळला.
मग प्रत्येकाला आपापल्या कीबोर्डवर
काहीतरी तातडीचं सापडलं.

कपाट सरकवलं. रंगाने चिकटलेली चौकट
सावळारामने स्क्रू-ड्रायव्हर आणि गुडघा लावून उचकटली.
आत आलं ते काही निर्मळ वगैरे नव्हतं:
मेट्रोच्या खांबांखालची धूळ, वेल्डिंगचा वास,
शेजारच्या गाळ्यातल्या मुकादमाची आईवरून शिवी.
पण हवा हलली.
कागद उडाले, दाबायला सगळे धावले.
तिच्या टेबलावरचं कॅलेंडर आडवं पडलं.
कुणी उचललं नाही.
मीही लगेच नाही उचललं, खोटं कशाला बोलू.
हात पुढे जायला
तीनेक श्वास लागले.

आता संध्याकाळ. मसुदा असा आहे:
‘उद्यापासून खिडक्या साडेनऊला उघडण्यात येतील.
कारण विचारू नये.’
दुसरं वाक्य खोडलं.
‘सर्वांची तपासणी मंगळवारी.
पहिला नंबर खाली सही करणाराचा.’
तिची रजा भरपगारी, पण ते वेगळ्या पत्रात,
बंद पाकिटात, जावक क्रमांक न टाकता.
ठिपक्याचा कप पालथा आहे. घासून निघत नाही.
त्याच्याबद्दल परिपत्रकात
काय लिहितात, मला येत नाही.

आत्ता तिचा मेसेज आला:
‘गोळ्या सुरू झाल्या सर.
माझ्या जागेवर कुणाला बसवलं?’

मी लिहिलं, कुणालाच नाही.

ते खरंच होतं.
पाठवल्यावर वाटलं,
तिने ते दुसऱ्यांदा वाचू नये.